मुळ्याची जुडी आणि ताडपत्रीखालचा चेहरा: ब्लॅक अँड व्हाइट रोल कसा निवडावा

सकाळी अकराच्या सुमाराला ठाण्याच्या जांभळी नाक्यावर, भाजी मंडईत उभं राहा. वर ताडपत्र्या, त्यांच्याखाली गार काळोखी, आणि दोन ताडपत्र्यांच्या फटीतून खाली उतरलेला उन्हाचा पट्टा. त्या पट्ट्यात मुळ्याची जुडी पांढरीफटक चमकत असते आणि हातभर मागे, सावलीत, ती विकणारी बाई बसलेली असते. आपल्या डोळ्यांना दोन्ही एकदम दिसतं. फिल्मला दिसेलच असं नाही.

माझा पहिला ब्लॅक अँड व्हाइट रोल मी इथेच संपवला. एका मावशींना विचारून त्यांचे पाच-सहा फोटो काढले. कॅमेऱ्यातल्या मीटरने जे सांगितलं तेच लावलं. रोल धुऊन आला तेव्हा मुळ्याची एकेक शीर मोजता येत होती आणि मावशींचा चेहरा सावलीत पार बुडाला होता. तरी प्रिंट घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी ती उजेडाकडे धरली, जवळ घेतली, लांब धरली आणि विचारलं, “ह्यात मी कुठं हाय गं?”

त्या प्रश्नाने मला कामाला लावलं. त्यातून जे हाती आलं ते नव्याने फिल्मकडे वळणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते. तुमच्याकडे ३५ मिमीचा, शटर आणि अपर्चर हाताने लावता येणारा एखादा जुना कॅमेरा आहे आणि एक-दोन रोल तुम्ही काढून पाहिले आहेत, एवढं धरून चालते.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सावलीतला तपशील येणार की नाही हे कॅमेऱ्यात, एक्स्पोजर देताना ठरतं. उन्हातला तपशील टिकणार की जळणार हे बहुतांशी टाकीत, रोल धुताना ठरतं. रोलची निवड या दोन्हींना सोपं किंवा अवघड करते.

पहिली पायरी: दुकानात जाण्याआधी जागेवर जा

“कोणता रोल घेऊ?” असं नवखे लोक सगळ्यात आधी विचारतात. त्याआधीचा प्रश्न असा, की तुम्ही जिथे फोटो काढणार तिथल्या उन्हात आणि सावलीत अंतर किती आहे?

हे अंतर स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. दोन स्टॉप म्हणजे चौपट, पाच म्हणजे बत्तीसपट, सहा म्हणजे चौसष्टपट. फोनवर लाइट मीटरचं एखादं फुकट ॲप घ्या. त्यात आयएसओ २०० आणि अपर्चर एफ ८ पक्कं करा. मग ज्या सावलीत तुम्हाला तपशील हवाच आहे तिच्याजवळ जा. लुगड्याची घडी असेल, झाडाचं खोड असेल. फोनच्या चौकटीत फक्त तेवढंच येऊ द्या, आपली स्वतःची सावली त्यावर पडू देऊ नका, आणि शटरचा आकडा लिहून घ्या. नंतर उन्हातल्या ज्या उजळ गोष्टीचा पोत तुम्हाला दिसायला हवा आहे तिच्यावर हेच करा. सावलीत १/३० आणि उन्हात १/१००० आलं, तर १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, १/१००० असे पाच टप्पे झाले. अंतर पाच स्टॉप.

माझ्या वहीत अशी पुष्कळ मोजमापं आहेत. जुलैच्या मळभात तळावपाळीच्या, म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या, कठड्याशी जेमतेम तीन स्टॉप. नोव्हेंबरात सकाळी दहाला येऊरच्या डोंगरातल्या पायवाटेवर, पानांतून कवडसे पडलेले असताना, सहा. मंडईत ताडपत्रीखाली तेवढंच. गोखले रोडवर दुकानाच्या आत बसलेला माणूस आणि बाहेरचं ऊन एका चौकटीत घ्यायचं म्हटलं तर आठ, कधी त्याहून जास्त. आपल्या भाषेत मळभ, झाकोळ, कवडसा, तिरीप, लख्ख ऊन, रणरणतं ऊन असे किती शब्द आहेत पाहा. मीटर धरून हिंडलात तर या प्रत्येक शब्दाला स्वतःचं अंतर आहे हे ध्यानात येईल.

ऋतूही पाहा. ठाणं सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. जुलैत ढगांमुळे तो बहुधा कळतही नाही, पण मेमध्ये दुपारी डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठांवर उतरते. त्या वेळी मी माणसांचे फोटो काढत नाही. रोल बदलून हा प्रश्न सुटत नाही, वेळ बदलून सुटतो.

दुसरी पायरी: रोलचा स्वभाव म्हणजे काय ते समजून घ्या

फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड या दोघांनी १८९० मध्ये, इंग्लंडमध्ये काम करताना, एक आलेख प्रसिद्ध केला. फिल्मवर किती उजेड पडला हे आडव्या रेषेवर, आणि धुतल्यावर तिथे किती काळेपणा जमला हे उभ्या रेषेवर. आजही बहुतेक फिल्मच्या माहितीपत्रकात हा वक्र छापलेला असतो. रोल घेण्याआधी तो पाहायची सवय लावून घ्या.

येऊरच्या वाटेचा चढ डोळ्यांपुढे आणा. पायथ्याशी वाट जवळजवळ सपाट असते, चालत राहिलं तरी उंची फारशी वाढत नाही. मग खरा चढ लागतो, पावलागणिक उंची. माथ्याजवळ पुन्हा सपाटी. फिल्मच्या वक्राचंही तसंच. सावल्या पायथ्याशी पडतात, मधले करडे रंग चढावर, आणि लख्ख उजेड माथ्याकडे. जिथे चढ आहे तिथे उजेडातला थोडासा फरकही निगेटिव्हवर वेगळा उमटतो. जिथे सपाटी आहे तिथे फरक एकमेकांत मिसळतात. सावल्यांचा चिखल होतो किंवा उजेडाचा चुना.

म्हणून दोन गोष्टी पाहायच्या. पायथा लांब आहे की आखूड? आखूड असेल तर सावल्या लवकर चढाला लागतात आणि त्यांच्यातले बारीक भेद उमटतात. वरच्या बाजूला वक्र हळूहळू वाकतो की सरळ वर जात राहतो? वाकत असेल तर जास्तीचा उजेड आपोआप आवरला जातो. सरळ जात असेल तर उजेडातले भेद शाबूत राहतात, पण रोल जास्त धुतला गेला तर तोच भाग इतका दाट होतो की स्कॅनरही हात टेकतो.

आणखी एक. डबीवरचा आयएसओचा आकडा याच पायथ्यावरून ठरतो. फिल्मच्या मूळच्या धूसरपणापेक्षा ०.१ इतकीच जास्त घनता मिळायला किती उजेड लागतो, त्यावर तो बेतलेला असतो. म्हणजे आयएसओ ही मुळात सावलीबद्दलची माहिती आहे, आणि ती ठरावीक पद्धतीने धुतलेल्या फिल्मची आहे. तुमचा डेव्हलपर (रोल धुण्याचं रसायन) वेगळा, तर तुमचा खरा आकडाही वेगळा.

तिसरी पायरी: आता रोल

पहिल्या रोलसाठी मी सगळ्यांना इलफर्डचा एचपी५ प्लस सांगते. आयएसओ ४००, जुन्या पद्धतीचे दाणे (फिल्मवरचे चांदीचे कण), आणि नेहमीसारखा धुतला तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद भागांतला फरक, सौम्य. काहींना तो सपक वाटतो. मला तीच त्याची मोठी बाजू वाटते. मंडईसारख्या सहा स्टॉपच्या जागी सौम्य रोलच तग धरतो, आणि स्कॅन केल्यावर किंवा प्रिंट करताना कॉन्ट्रास्ट वाढवणं सोपं असतं. निगेटिव्हमध्ये नसलेली सावली मात्र पुढे कुठेच आणता येत नाही. शिवाय एक्स्पोजरच्या चुका हा रोल पुष्कळ पोटात घालतो. शिकणाऱ्याला असाच सोबती हवा.

कोडॅकचा ट्राय-एक्स ४०० हा त्याचा जुना जोडीदार. रोल स्वरूपात तो १९५४ मध्ये आला आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी त्याला डोक्यावर घेतलं. मधल्या करड्या रंगांत त्याला जरा धार आहे, दाणे ठसठशीत. मळभाच्या दिवशी मला तो एचपी५पेक्षा आवडतो. पण आपल्याकडे तो महाग पडतो, आणि नवख्याने प्रत्येक फ्रेमला पैशांचा विचार करत बसू नये असं मला मनापासून वाटतं.

टी-मॅक्स ४०० हा वेगळ्याच घडणीचा. त्याचे दाणे चपटे, पाकळ्यांसारखे, म्हणून आयएसओ ४०० असूनही फोटो बारीक येतो. त्याचा पायथा आखूड आणि चढ लांबवर सरळ. सावल्या सुरेख उघडतात. पण वर तो वाकत नाही, आणि टाकीतला प्रत्येक बदल तो ऐकतो. तापमान दोन अंशांनी जास्त झालं, टाकी जास्त हलवली, की उजेडाचे भाग दाट. ज्यांना थर्मामीटर लावून काटेकोर काम करायला आवडतं त्यांनी हा जरूर घ्यावा. फिक्सरमध्ये (धुतलेली प्रतिमा पक्की करणाऱ्या रसायनात) त्याला जास्त वेळ लागतो, फिक्सरही लवकर संपतो. निगेटिव्हवर गुलाबी छटा राहिली तर आधी फिक्सरची वेळ वाढवून पाहा.

एफपी४ प्लस, आयएसओ १२५, भरपूर ऊन असेल आणि सावकाश काम करायचं असेल तेव्हा. घोडबंदरचा किल्ला, मासुंद्याकाठचं जुनं चर्च, अशा दगडी भिंतींसाठी मी हाच भरते. डेल्टा १०० आणि टी-मॅक्स १०० त्याहून बारीक आहेत, पण शिकताना तो बारीकपणा फारसा कामी येत नाही.

पॅन एफ प्लस, आयएसओ ५०, याबाबत सावध राहा. “कमी आयएसओ म्हणजे चांगला रोल” असं ऐकून लोक तो ऑक्टोबरच्या उन्हासाठी घेतात. त्याचा कॉन्ट्रास्ट मुळातच जास्त आहे, ऊन-सावलीचं अंतर तो आणखी ताणतो. त्याची जागा मळभात आणि मऊ उजेडात आहे. काढून झाल्यावर तो महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नये, लवकर धुवावा, कारण त्यावर उमटलेली अदृश्य प्रतिमा हळूहळू पुसट होत जाते.

स्वस्तातला पर्याय म्हणजे चेक देशातला फोमापॅन. १०० चा रोल गुणी आहे. ४०० चा रोल डबीवरच्या आकड्याला मात्र नेहमीच्या डेव्हलपरमध्ये जागत नाही. मी तो २०० धरूनच वापरते आणि सावल्या मग ठीक येतात. ४०० धरून काढलेला फोमापॅन आणि ४०० धरून काढलेला एचपी५ शेजारी ठेवलेत तर सावलीत सरळ फरक दिसेल. केंटमिअर ४००ही परवडणारा आहे, आणि इलफर्ड बनवणाऱ्याच कारखान्यातून येतो.

सिनेमाचा डबल-एक्स रोल कापून कॅसेटमध्ये भरून विकणारेही आहेत. १९५९ पासूनची ही फिल्म आहे, उन्हात २५० आणि दिव्याच्या उजेडात २०० धरतात. सुंदर आहे, पण पुन्हा पुन्हा वापरलेल्या कॅसेटमधून उजेड शिरण्याचा धोका असतो. हात बसला की मग घ्या.

घरी धुणं शक्यच नसेल तर इलफर्डचा एक्सपी२ सुपर पाहा. तो कृष्णधवल असूनही रंगीत रोलच्या सी-४१ प्रक्रियेत धुतात. उजेड जास्त झाला तरी तो सहज सांभाळून घेतो. पण नीट ऐका, फक्त हाच. माझा एक एचपी५चा रोल एका लॅबने चुकून सी-४१ मध्ये घातला. त्या प्रक्रियेत चांदी काढून टाकतात आणि मागे रंगद्रव्य उरतं. साध्या ब्लॅक अँड व्हाइट रोलमध्ये रंगद्रव्य बनवणारे घटकच नसतात. परत आली ती कोरी पट्टी, पाडव्याच्या शोभायात्रेच्या छत्तीस फ्रेम्स गेल्या. तेव्हापासून रोलवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहिते: “ब्लॅक अँड व्हाइट. सी-४१ नाही.” तुम्हीही लिहा.

आमच्या घरातल्या जुन्या अल्बममधले काही फोटो ‘इंदू’ रोलवरचे आहेत, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. त्या कारखान्यातलं काम थांबलं आणि आपल्या देशातलं फिल्मचं एक मोठं घर मिटलं. आता येणारा जवळजवळ प्रत्येक रोल बाहेरचा. म्हणून निवडलेला रोल एकदम पाच-सहा घ्या, फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात ठेवा. पावसाळ्यात डबी फ्रिजमधून काढल्यावर दीड-दोन तास तशीच बंद राहू द्या, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं.

चौथी पायरी: सावलीसाठी एक्स्पोजर

कॅमेऱ्याचं मीटर ज्याच्याकडे पाहतं त्याला मधल्या करड्या रंगाचं करू पाहतं. काळी म्हैस दाखवा किंवा पांढरा सदरा दाखवा, दोन्ही करडेच. म्हणून सावलीवर मीटर धरून मीटर म्हणेल तेच दिलंत तर सावली गरजेपेक्षा उजळ येईल. आपल्याला ती काळसर, पण आतलं दिसणारी हवी. त्यासाठी मीटरने सांगितल्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्यायचे. अन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास बसवलेल्या झोन पद्धतीत याला सावली तिसऱ्या झोनवर ठेवणं म्हणतात.

मंडईतलंच उदाहरण घेऊ. कॅमेऱ्यात एचपी५, पण मीटरवर आयएसओ ४०० ऐवजी २००. सावलीसाठी हा एक स्टॉप मी कायम गाठीशी ठेवते. मावशींच्या गडद लुगड्याच्या घडीवर मीटर धरलं, आलं १/६०, एफ ५.६. दोन स्टॉप कमी करायचे म्हणून शटर १/१२५ आणि अपर्चर एफ ८. झालं, हेच एक्स्पोजर. आता उन्हातल्या मुळ्याच्या जुडीवर मीटर धरलं तर आलं १/५००, एफ १६. म्हणजे घडी ते जुडी सहा स्टॉप, आणि आपण लावलेल्या एक्स्पोजरपेक्षा जुडी चार स्टॉप वर. नेहमीसारखा रोल धुतला तर दोन-तीन स्टॉप वरपर्यंतचा पोत आरामात टिकतो. चार म्हणजे जुडी जळण्याच्या काठावर. याचा बंदोबस्त टाकीत करायचा, कॅमेऱ्यात नाही. इथेच नवखे घाबरतात आणि जुडी वाचवायला एक्स्पोजर कमी करतात. मग चेहरा जातो. माझ्या पहिल्या रोलमध्ये मीटरचं ऐकून मावशींचा तसाच गेला होता.

पुढच्या आठवड्यात मी याच पद्धतीने मावशींचा फोटो पुन्हा काढला. या वेळी प्रिंट हातात घेतल्यावर त्या आधी काहीच बोलल्या नाहीत. मग शेजारच्या गाळ्यावर दाखवायला घेऊन गेल्या.

आणि हो, मंडईत किंवा कुठेही, आधी विचारा. “मावशी, एक फोटो काढू का?” एवढं म्हटलं की बहुतेक जण हो म्हणतात, आणि मीटर जवळ नेऊन धरायलाही मोकळीक मिळते.

पाचवी पायरी: उजेडासाठी टाकी

धुण्याची वेळ वाढवली की दाट भाग झपाट्याने दाट होत जातो. सावलीतला पातळ भाग मात्र लवकरच थांबतो, तिथे वाढायला चांदीच थोडी असते. म्हणून वेळेचा लगाम खरा लागतो तो उजेडाला. ४०० चा रोल १६०० धरून काढायचा आणि जास्त धुवायचा, याला पुश म्हणतात. त्याने सावल्या उघडत नाहीत, मधले आणि उजळ भाग तेवढे वर सरकतात आणि कॉन्ट्रास्ट वाढतो. रात्रीच्या गाण्याच्या कार्यक्रमाला ते चालेल. भर उन्हाच्या मंडईत कधीही नको.

मी वापरते ते गणित असं. अंतर चार-पाच स्टॉप असेल तर ठरलेली वेळ. सहा किंवा जास्त असेल तर वेळ १५ ते २० टक्के कमी. तीन किंवा कमी असेल, म्हणजे मळभ, तर तेवढीच जास्त. आठ स्टॉपच्या जागी मात्र हात जोडा. कुठे उभं राहिलं की अंतर कमी होईल ते पाहा, किंवा आतला माणूस आणि बाहेरचं ऊन यांतलं एक सोडून द्या.

आता ठाण्याची अडचण. माहितीपत्रकातल्या वेळा २० अंश सेल्सिअसच्या असतात, आणि आपल्या नळाचं पाणी एप्रिल-मेमध्ये तिशीच्या घरात असतं. एचपी५ आयडी-११ या डेव्हलपरमध्ये (डी-७६ हा त्याचाच भाऊ), एकास एक पाणी घालून, २० अंशांना १३ मिनिटं धुतात. मी घमेल्यात पाणी आणि बर्फ घेऊन रसायनांच्या बाटल्या त्यात उभ्या करते आणि २४ अंशांवर आणते. २४ ला हीच वेळ सुमारे ९ मिनिटांवर येते. मंडईच्या रोलसाठी त्यातून १५ टक्के कमी, म्हणजे साडेसात ते पावणेआठ मिनिटं. पाच मिनिटांच्या खाली वेळ जाऊ देऊ नका, धुणं एकसारखं होत नाही आणि आकाशात पट्टे उमटतात. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास ठेवा.

टाकी हलवण्याची पद्धत एकच धरा. मी पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा उलटी-सुलटी करते, आणि पुढे प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला तसंच. जास्त हलवलं की उजेडाच्या भागाला ताजा डेव्हलपर मिळतो आणि तो आणखी दाट होतो. शेवटचं पाणी बॅटरीच्या पाण्याचं घ्या, गॅरेजवर मिळतं ते. नळाच्या पाण्याचे ठिपके सुकल्यावर आकाशात ताऱ्यांसारखे दिसतात.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. छत्तीस फ्रेम्स एकाच टाकीत, एकाच वेळेला धुतल्या जातात. अर्धा रोल ऑक्टोबरच्या उन्हात आणि अर्धा संध्याकाळी उपवनला काढलात तर दोन्हींना योग्य अशी वेळच नाही. एका रोलला एकच उजेड. चोवीस फ्रेम्सचा रोल मिळाला तर तो घ्या, आणि डबीवर अंतराचा आकडा लिहा: “६ स्टॉप, २०० ला काढला, १५ टक्के कमी.” लॅबला देत असाल तरी हीच चिठ्ठी द्या. “एक स्टॉप पुल” (पुशच्या उलट, म्हणजे कमी धुवा) म्हटलं की त्यांना कळतं.

फिल्टर लावण्याआधी

पिवळा, नारिंगी, लाल फिल्टर लावले की आकाश गडद होतं आणि ढग उठून दिसतात, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यांना अनुक्रमे सुमारे एक, दोन आणि तीन स्टॉप जास्त उजेड लागतो, हेही. पण उघड्यावरच्या सावल्यांना उजेड निळ्या आकाशाचाच मिळतो, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. निळा अडवणारा फिल्टर लावला की आकाशाबरोबर सावल्याही काळ्या होतात. लाल फिल्टर लावून ऑक्टोबरात काढलेल्या फोटोत सावल्या विहिरीसारख्या दिसतात त्या याच कारणाने. मंडईत तर निळ्या ताडपत्रीतून झिरपलेला उजेड आणखीच निळा. तिथे पिवळा फिल्टरसुद्धा नको.

मळभात आकाश पांढरं असतं, त्यामुळे फिल्टरने ते गडद होत नाही. येऊरच्या पावसाळी हिरव्यासाठी पिवळा-हिरवा फिल्टर मला आवडतो, पानांचे थर वेगळे होतात. आणि माणसांचे फोटो काढताना कुंकवाकडे लक्ष द्या. लाल फिल्टरमागे कुंकू फिकं पडून जवळजवळ नाहीसं होतं. लाल न दिसणाऱ्या ऑर्थो फिल्मवर तेच काळं उमटतं, आणि आपला गव्हाळ-सावळा वर्णही असतो त्यापेक्षा गडद येतो. नेहमीच्या पँक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग दिसणाऱ्या, रोलवर, फिल्टरशिवाय, चेहरा आणि कुंकू दोन्ही ओळखीचे दिसतात.

रात्री तळावपाळीला दिव्यांची प्रतिबिंबं काढायची असतील तर एवढं लक्षात ठेवा, की एका सेकंदापेक्षा लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते, आणि सावलीत जास्त मंदावते. एचपी५ला मीटरने १० सेकंद सांगितले तर साधारण २० द्या. फोमापॅनला त्याहून पुष्कळ जास्त लागतं. कॉन्ट्रास्ट आपोआप वाढतो, तेव्हा धुण्याची वेळ थोडी कमीच ठेवा.

सहावी पायरी: निगेटिव्ह वाचा

स्कॅन पाहून ठरवू नका, स्कॅनर आपल्या मनाने बरंच झाकतो. सुकलेली पट्टी खिडकीशी धरा. दोन फ्रेम्सच्या मधली कोरी जागा पाहा आणि मग सावलीची जागा पाहा. दोन्ही सारख्याच पारदर्शक असतील तर सावलीत काही उमटलेलंच नाही. पुढच्या रोलला आयएसओ निम्मा धरा. आता पट्टी छापलेल्या वर्तमानपत्रावर ठेवा. सगळ्यात दाट भागातूनही खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. वाचताच आली नाहीत तर वेळ १० टक्के कमी करा. अगदी सहज वाचता आली आणि फोटो मलूल वाटला तर १० टक्के वाढवा. आयएसओ आणि वेळ दोन्ही एकाच रोलला बदलू नका, कशाने काय झालं ते कळणार नाही.

सुरुवात म्हणून एवढं करा. एका रविवारी मंडईत किंवा तुमच्या सोसायटीच्या जिन्यात, जिथे ऊन आणि सावली शेजारी आहेत तिथे, एचपी५ घेऊन एकाच दृश्याच्या तीन फ्रेम्स काढा: मीटरवर ४०० धरून, २०० धरून, १०० धरून, तिन्ही वेळा सावलीवर मोजून दोन स्टॉप कमी. पुढच्या तीन फ्रेम्स दुसऱ्या दृश्याच्या, पुन्हा तशाच. अख्खा रोल असाच संपवा आणि ठरलेल्या वेळेला धुवा. खिडकीशी धरल्यावर ज्या फ्रेममध्ये सावलीतली लुगड्याची घडी किंवा जिन्याचा कठडा पहिल्यांदा स्पष्ट दिसेल तो तुमचा आयएसओ, तुमच्या कॅमेऱ्याचा आणि तुमच्या टाकीचा. तो डबीवर लिहा, आणि दुसरा रोलही हाच घ्या.